माळाला ओसाड म्हणू नका

जुलै महिना उजाडला, पहिले दोन-तीन पाऊस झाले, की आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळांना सृष्टीची आठवण होते. रोपवाटिकेतून टेम्पो भरून रोपे येतात, कापडी फलक रंगवला जातो, पाहुण्यांच्या हस्ते पहिले रोप लावले जाते आणि त्या रोपाभोवती पंचवीस माणसे उभी राहून छायाचित्र काढून घेतात. मग पुरीभाजी होते, दोन गाणी होतात आणि मंडळी घरी परततात. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत हा सोहळा शाळांतून होतो, महाविद्यालयांतून होतो, कारखान्यांच्या वतीने होतो आणि आपल्या युवक मंडळांतूनही होतो. दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यांवर पुन्हा नवी रोपे लावली जातात, आणि पहिल्या वर्षीच्या रोपांचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट मांडतो. आपण मुलामुलींना सृष्टीच्या राखणीचे जे शिक्षण देतो, ते या भूमीसाठी बेतलेले नाही. ते चित्रांच्या पुस्तकातील कुठल्यातरी हिरव्यागार देशासाठी बेतलेले आहे. त्यामुळे ते येथे बव्हंशी निरुपयोगी ठरते आणि पुष्कळदा अपायकारकही होते. जो तरुण माळावर खड्डा खणून समाधानाने घरी येतो, त्याला आपण तेथे काय मोडले याची गंधवार्ताही नसते. ती नसण्याचा दोष त्याचा नव्हे; त्याच्या हाती कुदळ देणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आहे.

आपण ज्या भूमीत राहतो ती कशी आहे, हे प्रथम पाहू. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा उरलासुरला वाटा आपल्याकडे येतो. लोणावळ्याला जेथे हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे दौंडकडे वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. माती उथळ, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. अशा जागी निसर्गाने दाट अरण्य उभे केले नाही. त्याने गवत वाढवले. पवण्या, मारवेल, कुसळी अशी गवते, मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर, खैर यांची विरळ झाडे आणि तरवडाची पिवळ्या फुलांची झुडपे, हे या भूमीचे मूळचे रूप होय. मे महिन्यात हा माळ राखाडी दिसतो, म्हणून आपण त्याला ओसाड म्हणतो. परंतु उन्हाळ्यात गवत मरत नाही. ते मुळांमध्ये जाऊन बसते. त्याचे धन जमिनीखाली असते आणि पाऊस पडताच आठ-दहा दिवसांत ते वर येते. हवेतील कर्बवायू शोषून घ्यायचा तर झाडच हवे, अशी सर्वांची समजूत आहे. गवताळ भूमी आपल्या मुळांत व मातीत कर्ब साठवते आणि वणवा लागला तरी तो साठा बहुतांशी जमिनीखाली सुरक्षित राहतो, हे मात्र शाळेच्या भित्तिपत्रकावर कोणी लिहीत नाही.

कोणी म्हणेल की पूर्वी येथे घनदाट रान होते, माणसाने ते तोडले आणि म्हणून माळ उरला. ही समजूत इतकी पसरली आहे की तिला पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. पुराव्याचे काम मात्र झालेले आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातील जुने मराठी वाङ्मय, आख्याने आणि लोकगीते वाचून त्यांतील झाडाझुडपांचे उल्लेख टिपले आणि २०२५ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की किमान साडेसातशे वर्षांपासून हा प्रदेश गवताचा आणि विरळ काटेरी झाडांचाच आहे. साहित्याला वाहिलेल्या या त्रैमासिकाच्या वाचकांना यात विशेष आनंद वाटावा. महानुभावांचे गद्य आणि जात्यावरच्या ओव्या आज वनस्पतिशास्त्राच्या साक्षीदार झाल्या आहेत. पंढरपूरच्या देवळातील जे झाड लोककथेने कान्होपात्रेशी जोडले, ते तरटीचे, कोरड्या माळरानातले काटेरी झाड आहे, हेही येथे आठवावे. आपल्या पूर्वजांनी माळाला माळ म्हणून ओळखले होते. त्याला 'पडीक' हा शिक्का नंतर बसला.

तो शिक्का कोठून आला? इंग्रजी अमदानीत जमिनीची प्रतवारी महसुलावरून होऊ लागली. जी जमीन नांगराखाली नाही आणि जिच्यावर इमारतीचे लाकूडही नाही, ती सरकारच्या दृष्टीने वाया गेलेली. इंग्रज गेले, वहीतला रकाना राहिला. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत कितीतरी गवताळ भूमी मोडते. जी जमीन कागदावर पडीक ठरली, ती कोणालाही देता येते. कारखान्याला, वीजप्रकल्पाला किंवा वृक्षारोपणाला. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा कार्यक्रम केला. पुढे २०१७ साठी चार कोटी, २०१८ साठी तेरा कोटी आणि २०१९ साठी तेहतीस कोटी अशी उद्दिष्टे वाढत गेली. एवढी रोपे लावायची तर मोकळी जागा हवी, आणि मोकळी जागा म्हणजे माळ! तेथे गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली, कारण ती जनावरे खात नाहीत आणि लवकर वाढतात. जनावरे खात नाहीत म्हणजे मेंढरांना चारा नाही, चिंकाऱ्याला चारा नाही. लवकर वाढतात म्हणजे सावली धरून खालचे गवत मारतात.

आता खड्ड्यांचा विचार करा. टिटवी, चंडोल, धाविक, पखुर्डी हे आपल्या माळाचे पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत. ते उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आधाराने किंवा गवताच्या बुडख्यात अंडी घालतात. ती अंडी मातीच्या रंगाची असतात, म्हणून शत्रूला दिसत नाहीत आणि आपल्या मुलांनाही दिसत नाहीत. टिटवी मार्चपासून पावसाळ्यापर्यंत अंड्यांवर असते. चंडोलांचे दिवस पावसाच्या सुरुवातीचे. आपला वृक्षारोपणाचा मुहूर्त नेमका याच दिवसांतला. शंभर मुले रांगेने माळ तुडवतात, डोक्यावर टिटवी टाहो फोडत फिरत असते आणि ध्वनिक्षेपकावर पर्यावरणरक्षणाची प्रतिज्ञा चाललेली असते! त्या प्रतिज्ञेचा अर्थ त्या पक्ष्याच्या लेखी काय असेल?

माळढोकाची कथा आपल्या शेजारचीच आहे. १९७९ साली त्याच्यासाठी जे अभयारण्य घोषित झाले, त्याची हद्द सोलापुरातील नान्नजपासून आपल्या वेशीला लागलेल्या कर्जत-श्रीगोंद्यापर्यंत पोहोचत होती. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे होते. आज महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि सबंध देशात दीडशेही उरलेले नाहीत. त्याला केवळ बंदुकीने मारले नाही. त्याचा माळ नांगरला गेला, त्यावर विजेच्या तारा आल्या, त्यावर झाडे लावली गेली. उघडे आकाश आणि गुडघाभर गवत, यापलीकडे त्याची काही मागणी नव्हती. तेवढेही आपण ठेवले नाही.

येथे माझा वाचक रास्त आक्षेप घेईल. तो म्हणेल, 'फादर, तुम्ही झाडांच्या विरुद्ध बोलता काय? सगळे जग तापत चालले आहे आणि तुम्ही मुलांच्या हातचे रोप काढून घेता?' मी झाडांच्या विरुद्ध नाही. गावठाणात लिंब लावा, शाळेच्या आवारात चिंच लावा, ओढ्याच्या काठी करंज आणि उंबर लावा, देवळाच्या व दफनभूमीच्या कडेला वड-पिंपळ लावा आणि तीन उन्हाळे त्यांना घागरीने पाणी घाला. जेथे झाड जगते आणि जेथे त्याच्या सावलीची कोणाला गरज आहे, तेथे लावलेले एक झाड माळावर मेलेल्या हजार रोपांहून मोलाचे आहे. झाड कोठे लावू नये हे कळणे, हाही राखणीचाच भाग आहे. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. ज्वारीच्या वावरात तो आंब्याची बाग घुसडत नाही. मग माळाच्याच बाबतीत आपण हा विवेक का सोडतो?

आपल्या युवकांना असिसीचे संत फ्रान्सिस परिचयाचे आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली त्यांना पर्यावरणाच्या अभ्यासकांचे व रक्षकांचे आश्रयदाते संत घोषित केले. त्यांच्या चरित्रात एक लहानसा प्रसंग आहे, तो पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात मुद्दाम उल्लेखिला. मठाच्या बागेचा एक भाग न खणता, न पेरता तसाच ठेवावा, म्हणजे तेथे रानगवत आणि रानफुले उगवतील, असे संत फ्रान्सिस बागेची देखभाल करणाऱ्या बंधूला सांगत असत. बागेत जागा मोकळी आहे म्हणून ती भरून टाकावी, असे त्यांना वाटले नाही. त्या मोकळ्या जागेतही निर्माणकर्त्याचे काम चालू आहे, हे त्यांनी ओळखले होते. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या त्या संताला जे कळले, ते आपल्या वृक्षारोपण समित्यांना कळू नये?

याच संताची दुसरी कथा तर आपल्या वार्षिक संमेलनांत नाट्यरूपाने होते. गुब्बियो गावाला त्रास देणारा लांडगा, आणि फ्रान्सिस यांनी गावकरी व लांडगा यांच्यात घडवून आणलेला समेट. मुले कागदी मुखवटा घालून लांडगा होतात, प्रेक्षक टाळ्या देतात. या मुलांना कोणी सांगितले आहे काय, की खराखुरा लांडगा त्यांच्या घरापासून काही कोसांवर राहतो? दौंड, बारामती, सासवडकडचे माळ हे भारतीय लांडग्याचे घर आहे. सबंध उपखंडात आता तो सुमारे तीन हजारांच्या घरात उरला आहे असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे वाघापेक्षाही कमी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. गुब्बियोच्या कथेचा गाभा हा, की लांडगा दुष्ट नव्हता, भुकेला होता, आणि त्याची भूक समजून घेतल्याशिवाय गावाला शांतता मिळणार नव्हती. आपण ती कथा रंगमंचावर करतो आणि त्याच वर्षी लांडग्याच्या माळावर खड्डे खणतो. हा विसंवाद मुलांच्या लक्षात येत नसेल, परंतु आपल्या तरी लक्षात यावा.

लांडग्यावरून सहलीच्या प्रश्नाकडे वळतो, कारण हे दोन विषय दिसतात तितके दूर नाहीत. युवक मंडळाची सहल म्हणजे काय, हे आता ठरून गेले आहे. मोठा ध्वनिवर्धक, कागदी ताटल्या, वेफरची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या आणि उरलेला बिर्याणीचा ढीग. 'जनावरे खातील' असे म्हणून ते अन्न माळावर किंवा नदीकाठी टाकले जाते. खरेच, जनावरे ते खातात. मोकाट कुत्री खातात. गावोगावच्या कुक्कुटपालन शेडांबाहेर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर ही कुत्री आधीच पोसली गेली आहेत. सहलीचे उष्टे त्यात भर घालते. ही कुत्र्यांची टोळी मग चिंकाऱ्याच्या पाडसांचा पाठलाग करते, जमिनीवरची अंडी खाते आणि लांडग्यांना आपले रोग देते. पुण्याजवळ कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचे अलीकडे जनुकीय तपासणीनेही सिद्ध झाले आहे. म्हणजे एका परीने लांडगा मरण्याआधीच पुसला जात आहे. सहलीतील उष्ट्याचा प्रवास येथवर पोहोचतो, हे मुलांना समजावून दिले, तर 'कचरा करू नका' या वाक्याला काही अर्थ येईल. नुसते वाक्य त्यांनी पहिलीपासून ऐकले आहे आणि म्हणूनच ते ऐकत नाहीत.

जागांची नावेच घ्यायची तर आपल्या परिसरात त्यांची वाण नाही. शिरूरच्या टाकळी हाजी आणि पलीकडच्या निघोजमधून वाहणाऱ्या कुकडीने हजारो वर्षे दगडगोटे फिरवून पाषाणात रांजणखळगे कोरले आहेत. तेथे जाणारा तरुण खळग्यात बाटली टाकतो, पाषाणावर आपले नाव रंगवतो आणि कडेवर उभा राहून स्वतःचे छायाचित्र काढतो. ज्या पाण्याने पाषाण पोखरला त्याच्या ओढीचा अंदाज त्याला नसतो. मोराच्या चिंचोलीत गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोर सांभाळले, कारण त्यांनी त्यांना त्यांच्या मर्जीप्रमाणे येऊ-जाऊ दिले. पाहुणे मात्र मोर नाचला नाही तर खडा मारून त्याला नाचवू पाहतात. दौंडच्या पुढे भिगवणजवळ, १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. उडालेल्या थव्याचे छायाचित्र सुंदर येते म्हणून नाव अगदी जवळ नेण्याचा आग्रह नावाड्याला केला जातो. तो पक्षी चिखलात चोच घालून दिवसभर अन्न गाळत असतो. दिवसातून दहा वेळा त्याला उडवले तर तो खाणार केव्हा? जवळच सुप्याला १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे सव्वापाच चौरस किलोमीटरांचे आहे आणि कर्जतजवळचे रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरांचे. एवढ्या लहान घरात पाहुण्याने कसे वागावे, याला काही रीत असली पाहिजे.

ही रीत इतर देशांत युवकांना पद्धतशीर शिकवली जाते. अमेरिकेत 'लीव्ह नो ट्रेस' या नावाने सात नियमांची शिस्त रूढ आहे. आधी तयारी करून निघा, मळलेल्या वाटेने चाला, आपला कचरा परत न्या, जे सापडेल ते तेथेच राहू द्या, आग पेटवताना जपा, प्राण्यांपासून अंतर राखा, इतर माणसांना त्रास देऊ नका, असा त्यांचा आशय आहे. नियम उत्तम आहेत आणि स्काउटच्या शिक्षणातही ते घेतले गेले आहेत. परंतु ते जसेच्या तसे भाषांतरित करून भिंतीवर लावले, तर पुन्हा तीच चूक होईल. ते नियम जेथे कोणी राहत नाही अशा रानाचा विचार करून केलेले आहेत. आपला माळ निर्मनुष्य नाही. तेथे धनगराचा वाडा उतरतो. दिवाळीनंतर कोकणाकडे जाणारी आणि पावसाळ्यात परत येणारी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या या गवतावर जगली आहेत. शेतकरी त्यांची मेंढरे आपल्या वावरात खतासाठी बसवून घेतो आणि मोबदल्यात धान्य देतो. कोणते गवत केव्हा पिकते, लांडगा कोणत्या ओघळीने येतो, टिटवी कोठे बसली आहे, हे त्या घरची दहा वर्षांची मुलगी सांगू शकते. आपली पदवीधर मुले मात्र त्या मुलीला अडाणी समजतात आणि तिचे मेंढरू रोपाजवळ आले की तिच्यावरच ओरडतात! ज्या कुरणावर तिच्या घरची चूल चालते, तेथे आपण न विचारता गेलो, न विचारता खणले, आणि वर तिलाच पर्यावरणाचा शत्रू ठरवले. म्हणून माळावरील शिष्टाचाराचा आपला पहिला नियम हा असावा: जेथे जाल तेथील माणसांना आधी भेटा, त्यांची परवानगी घ्या आणि त्यांच्याकडून शिका.

या साऱ्यात भाबडेपणा नको, हेही मी तितक्याच आग्रहाने म्हणतो. शिरूर तालुक्यातील वाचकांना वन्यप्राण्यांवरील प्रेमाचे प्रवचन ऐकवणे सोपे नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन जीव घेतले, त्यांत दोन लेकरे होती. ज्या घरातले मूल गेले, त्या घरासमोर संत फ्रान्सिस यांचे नाव घेताना जीभ अडखळते, आणि अडखळावी. परंतु हा प्रश्नही अज्ञानानेच अधिक वाढला आहे. धरणांचे पाणी कालव्यांतून आले, बारा-चौदा महिने उभा राहणारा ऊस आला, त्या उसात बिबट्याला आडोसा मिळाला आणि गावाच्या कडेच्या कचऱ्यावर पोसलेल्या कुत्र्या-डुकरांत त्याला भक्ष्य मिळाले. तो जंगलातून वाट चुकून आलेला नाही. उसातच त्याच्या पिढ्या जन्मल्या आहेत. एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसऱ्या ठिकाणी सोडला, तर तेथे हल्ले वाढतात, असे विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्नर भागातील अनुभवावरून दाखवून दिले आहे. तेव्हा शिरूरच्या मुलाला सृष्टीचे शिक्षण द्यायचे म्हणजे काय? अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नये, लहान भावंडांना मध्ये घ्यावे, मोठ्याने बोलत चालावे, वाकून बसू नये, बिबट्या दिसल्यास पळू नये, पाठलागही करू नये, जनावरे बंदिस्त गोठ्यात बांधावीत, कचरा गावाच्या कडेला साठू देऊ नये. हे शिक्षण जीव वाचवते, माणसाचा आणि जनावराचाही. कागदी फुलांच्या स्पर्धेने यातले काही साधत नाही.

आणखी एक आक्षेप मला तरुणांकडूनच ऐकायला मिळतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. ते विचारतात, 'आम्ही वेफरचे पाकीट खिशात घालून घरी आणायचे, आणि भीमेच्या व घोडच्या पात्रातून यांत्रिक बोटींनी रात्रंदिवस वाळू उपसणाऱ्यांचे काय? पुण्याचे सांडपाणी उजनीत जाते त्याचे काय? कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांचे काय?' प्रश्न बरोबर आहे. महसूल खाते अधूनमधून वाळूच्या बोटी स्फोटकांनी उडवते, वृत्तपत्रांत छायाचित्र येते, आणि काही दिवसांनी नव्या बोटी पाण्यात उतरतात. एका पाकिटाची आणि नदीच्या पात्राची तुलना होऊ शकत नाही. परंतु म्हणून पाकीट टाकण्याची मुभा मिळत नाही. शिस्तीचा उपयोग असा, की ज्याने नदीकाठी हजार पावले सावकाश चालून पाहिली आहेत, वाळूत कासवाची खूण पाहिली आहे, वाळू उपसल्यावर शेजारच्या विहिरीचे पाणी कसे खाली जाते हे शेतकऱ्याकडून ऐकले आहे, तोच तरुण पुढे ग्रामसभेत उभा राहून वाळूविषयी प्रश्न विचारील. ज्याने नदी पाहिलीच नाही तो काय विचारणार? आणि आपल्या घरांतही एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. नवे घर बांधताना, किंबहुना नवे सभागृह बांधतानाही, वाळू कोठून आली, तिची पावती आहे काय, हे आपण विचारतो का? मुलांना नियम शिकवायचे आणि मोठ्यांनी स्वस्त वाळूकडे डोळेझाक करायची, असे शिक्षण मुले एका दिवसात ओळखतात.

काही सज्जन म्हणतात की हे सारे ठीक असले तरी ते धर्मशिक्षणाचे काम नव्हे. युवकांना प्रार्थना शिकवावी, नोकरीच्या परीक्षांची तयारी करून घ्यावी, बाकीचे शासन पाहील. त्यांना मी एवढेच सुचवतो की त्यांनी ख्रिस्तसभेचे म्हणणे एकदा वाचावे. १ जानेवारी १९९० च्या विश्वशांतिदिनाच्या संदेशात पोप दुसरे जॉन पॉल यांनी सृष्टीशी शांततेने वागणे हा श्रद्धेचा भाग असल्याचे सांगितले, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. 'लाउदातो सी' मध्ये भूमीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा लागतो, हा विचार मांडला गेला. आपल्याकडे याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. माळ गेला की आधी धनगराचे कुटुंब जाते. नदीची वाळू गेली की आधी काठावरच्या लहान शेतकऱ्याची विहीर आटते. उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या माणसाला बाग मिळाली ती मशागतीसाठी आणि राखणीसाठी. मशागतीचा धडा आपण चांगला गिरवला. उसाचे फड त्याची साक्ष देतात. राखणीचा धडा अजून उघडायचा आहे.

तेव्हा करावे काय? युवक मंडळांना आणि त्यांच्या पालकांना मी चार गोष्टी सुचवतो. त्यांना निधी लागत नाही.

पहिली गोष्ट, माळावर वृक्षारोपण पूर्ण थांबवावे. जी रोपे लावायची ती घर, शाळा, रस्ता व ओढा यांच्या कडेला लावावीत. प्रत्येक रोपाला पाणी घालणाऱ्या कुटुंबाचे नाव आधी ठरावे आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतरच त्याचा सोहळा व्हावा.

दुसरी, प्रत्येक मंडळाने आपल्या जवळचा एक माळ किंवा नदीचा एक काठ निवडावा आणि वर्षातून चार वेळा, चारही ऋतूंत, तेथे लहान गटाने जावे. आठ-दहांपेक्षा अधिक नकोत. ध्वनिवर्धक नको. वीस गवते-झुडपे आणि वीस पक्षी यांची स्थानिक नावे एखाद्या मेंढपाळ काकांकडून किंवा आजींकडून शिकून घ्यावीत. अंडी घालण्याच्या दिवसांत पायवाट सोडू नये, मोटारसायकल माळात घालू नये, प्राण्याचा पाठलाग करू नये, काहीही तोडू अथवा उचलू नये आणि नेलेले सारे परत आणावे. इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. तेथे जाऊन ठरलेल्या वाटेने, मार्गदर्शकाबरोबर माळ कसा पाहावा हे एकदा शिकून यावे.

तिसरी, १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरच्या ख्रिस्ती मंडळी सृष्टीसाठी प्रार्थनेचा मानतात. १ सप्टेंबरचा प्रार्थनादिन पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत सुरू केला, आणि ४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिस यांचा सण. नेमक्या याच दिवसांत आपला माळ फुलावर असतो, गवत तुऱ्यावर येते. आपल्या वेदीवर या काळात शहरातून आणलेली महागडी फुले ठेवण्याची गरज नाही. आणि माळावरची तोडून आणण्याचीही नाही. एका रविवारची संध्याकाळची प्रार्थना माळाच्या कडेला, पायवाटेवर उभे राहून, मंद आवाजात करावी.

चौथी, ग्रामसभेत आपले युवक जावेत. गावचे गायरान कोणाला दिले जात आहे, त्यावर काय लावले जात आहे, वाळूचा लिलाव कसा झाला, बिबट्याच्या भागात रात्रीऐवजी दिवसा शेतीसाठी वीज मिळते की नाही, हे प्रश्न त्यांनी नम्रपणे, परंतु न चुकता विचारावेत. राखण म्हणजे घराच्या अंगणापुरती टापटीप नव्हे.

२०२६ हे संत फ्रान्सिस यांच्या मृत्यूचे आठशेवे वर्ष. या निमित्ताने पुतळे होतील, मिरवणुका होतील आणि रोपांचे टेम्पोही निघतील. शिरूर-दौंडच्या मंडळांनी यातले काही केले नाही तरी चालेल. त्यांनी आपल्या वाट्याच्या एका माळावरील कुदळी परत आणाव्यात, तेथे खड्डे खणू नयेत आणि इतरांनाही खणू देऊ नयेत. चिंकाऱ्याला आणि मेंढराला गवत मिळेल, टिटवीला चार हात जमीन मिळेल, आणि आपल्या मुलांना आपण कोणत्या भूमीची लेकरे आहोत हे कळेल. पुढच्या जुलैचे नियोजन करण्यास मंडळांच्या बैठका बसतील, तेव्हा पालकांनी हा विषय तेथे मांडावा, एवढी माझी विनंती आहे.